नागपूर आठ तास, वाघोली वेगळी

पुण्यात कुणाला 'नागपूरला जातोय' म्हटलं की तो 'कशाला?' असं विचारत नाही. 'किती तास लागतात?' असं विचारतो आणि उत्तरही स्वतःच देतो. आमच्या भाऊजींचा आकडा आठ. "आठ तासात टच! मधे चहा बी घेतला."

सातशेच्या वर किलोमीटर, आठ तास, शिवाय चहा. समृद्धीवर ताशी १२०ची मर्यादा आहे, कबूल. पण ७०१ किलोमीटरचा तो रस्ता मुंबईकडून येतो. पुणेकराने आधी नगर रोडने संभाजीनगर गाठायचं, मग सावंगीला समृद्धीवर चढायचं. आणि नगर रोडवर वाघोली आहे.

रेल्वेचा पर्याय होता. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतसुद्धा आहे, ८८१ किलोमीटर, बारा तास. (गाडी आधी दौंडला जाते, मग मनमाड-भुसावळ करत वर चढते, म्हणून आकडा फुगतो.) पण दिवाळीत तिकीट मिळणं हे लग्न जमण्यासारखं आहे, पत्रिका जुळूनही होत नाही. तेव्हा ट्रॅव्हल्स.

गाडी रात्री नऊची. सव्वानऊला फोन केला तर क्लीनर म्हणाला, "पाच मिनिटं, मागच्या स्टॉपवर आहे." पुण्यात ट्रॅव्हल्सला मागचा स्टॉप नेहमी असतोच. दहा-वीसला गाडी आली. वरचा स्लीपर, पडद्याला तीनच कड्या शिल्लक, त्यामुळे पडदा एकतर डोकं झाकतो नाहीतर पाय. मी डोकं निवडलं.

वाघोलीत गाडी थांबली ती थांबलीच. माझ्या खिडकीसमोर मिठाईचं दुकान. पाटीवरचा 'ठा' विझलेला, त्यामुळे 'मिई' असं वाचत पडलो होतो. दुकानदाराने परात आत नेली, फरशी पुसली, शटर ओढलं, बाइकवर बसला आणि तोही आमच्या शेजारी येऊन अडकला.

आईचा फोन. "कुठवर आला रे?"

"वाघोली."

"म्हणजे जालन्याच्या अलीकडे की पलीकडे?"

"पुण्यात."

ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "झोप मग."

आईला किलोमीटर कळत नाहीत, तिचं माप वेगळं. कारंजा आलं की ती डाळ भिजवते, वर्धा आलं की गोळाभाताचा भात टाकते. इतक्या वर्षांत हा हिशेब चुकलेला नाही. यंदा मात्र घोळ झाला. पहाटे अर्धवट झोपेत मी "कारंजा" म्हणालो आणि प्रत्यक्षात होतो मेहकरच्याही मागे, एका ढाब्यावर. ड्रायव्हर बाजेवर झोपला होता आणि त्याला उठवायची हिंमत एकाही प्रवाशात नव्हती. समृद्धीवर गाडी पळाली, नाही असं नाही. पण शेवटी शहरात शिरून प्रत्येक चौकात एकेक पॅसेंजर उतरवत गाडी निघाली. मी उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

घरात शिरतो न शिरतो तोच भाऊजींचा फोन. "पोचला का? किती लागले?"

सोळा असं तोंडातून निघेना. माणसाला काही इज्जत असते. "दहा," मी म्हणालो. "मधे चहा बी घेतला."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अन् मग ही फोडणी तिसऱ्यांदा काहून तापवून राहिली मी?"