वेक-अप लॉकच्या बाहेर का? एका प्रतिक्रियेला उत्तर

लिनक्स कर्नलमधल्या वेट क्यूच्या, म्हणजे काही घडेपर्यंत झोपलेल्या प्रोसेसच्या यादीच्या, लॉकिंगवरच्या माझ्या लेखाखाली परवा रात्री एक प्रतिक्रिया आली. नाव नाही, नुसतं ‘एक वाचक’. मजकूर असा: “स्पिनलॉक सोडल्यावर वेक-अप केला आहे, म्हणजे वेक-अप हरवणार. स्लीप-ऑन ३.१४ मध्ये नाही, ३.१५ मध्ये काढलं. वेटक्यू-अ‍ॅक्टिव्हच्या आधी मेमरी बॅरिअर नाही. इंदूरमध्ये बसून कर्नलचं काम मिळत नाही, म्हणून लोक गिरणीच्या गोष्टी सांगत पुस्तकी ज्ञान वाटतात.”

नव्या वाचकांसाठी: वेक-अप म्हणजे झोपलेल्या प्रोसेसला मारलेली हाक. स्पिनलॉक म्हणजे असं कुलूप, जे मिळेपर्यंत प्रोसेसर जागीच गरगरत राहतो. स्लीप-ऑन हे प्रोसेसला झोपवणारं जुनं फंक्शन, वेटक्यू-अ‍ॅक्टिव्ह हे यादीत कुणी आहे का ते बघणारं. मेमरी बॅरिअर म्हणजे मेमरीतल्या लिहिण्या-वाचण्याचा क्रम उलटू न देणारी सूचना.

स्लीप-ऑन लिनक्सच्या कुठल्या आवृत्तीत काढलं, तो आकडा माझ्या लेखात चुकला होता. २०१४ मधलं ३.१५ हेच बरोबर. लेखात दुरुस्त केलंय, आभार.

शेवटचं वाक्य मात्र मला लागलं, आणि ते मी लपवत नाही.

२००५ ची गोष्ट. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात वजनकाट्याचे आकडे वाचणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर होता, माझ्या आधीच्या कुणीतरी लिहिलेला. एका प्रोसेसरच्या मशीनवर तो वर्षानुवर्षं चालला. दोन प्रोसेसरचं मशीन आलं आणि रात्रपाळीत वजनं थांबायला लागली. प्रोसेस जिवंत, पीएस या कमांडच्या यादीत ‘एस’ (म्हणजे झोपलेली) दिसतोय, कार्डात आकडे येऊन पडलेत, आणि ही झोपलेलीच. एस-ट्रेस (प्रोसेस कर्नलकडे काय मागते ते दाखवणारं साधन) लावला की लगेच जागी! तीन रात्री मी हेच पाहत होतो. एस-ट्रेस जोडताना प्रोसेसला सिग्नल जातो, तिची झोप मोडते, रीड पुन्हा सुरू होतं, अट खरी निघते आणि काम चालू पडतं. बघायला जावं तर दुखणं गायब.

चौथ्या रात्री कोडमध्ये सापडलं: आकडा नसेल तर इंटरप्टिबल-स्लीप-ऑन. अट तपासली आणि यादीत नाव घातलं, या दोन्हींच्या मधे इंटरप्ट (आकडा आल्याचा कार्डाचा इशारा) आला की त्याची हाक रिकाम्या यादीला. ही फट एका प्रोसेसरवरही होतीच. दोन झाल्यावर इंटरप्ट दुसऱ्या प्रोसेसरवर चालायला लागला आणि ती फट रोज गाठायला लागला. पहाटेच्या बसने रामबागेत घरी आलो, आईने पोहे टाकले होते, बशी बाजूला सारून त्याच टेबलावर मी तो भाग वेट-इव्हेंटने (आधी यादीत नाव, मग अट असा क्रम पाळणारं फंक्शन) नव्याने लिहून काढला. हे पुस्तकी ज्ञान असेल तर ते पुस्तक मला दाखवा. आणि इंदूरला काम मिळत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही इथे किती दिवस राहिलात?

आता ‘हरवणार’. तुम्ही हा शब्द असा टाकलात की जणू पुढे बोलायचं काही उरलंच नाही. माझ्या उदाहरणात इंटरप्ट हँडलर स्पिनलॉक घेतो, बफरमध्ये आकडा ठेवतो, लॉक सोडतो आणि मग वेक-अप करतो. झोपणाऱ्या बाजूला प्रिपेअर-टू-वेट हे फंक्शन आधी क्यूचं स्वतःचं लॉक घेऊन यादीत नाव घालतं आणि टास्कची, म्हणजे त्या प्रोसेसची, अवस्था ‘झोपणार’ अशी करतं. अट त्यानंतर तपासली जाते, आणि खोटी असेल तरच शेड्यूल, म्हणजे प्रोसेसर सोडून खरी झोप. आता मधे कुठेही वेक-अप येऊ द्या. अट तपासण्याआधी आला तर अट खरीच दिसेल. तपासल्यानंतर पण शेड्यूलच्या आधी आला, तर वेक-अपने अवस्था ‘चालू’ करून ठेवलेली असते, म्हणून शेड्यूल त्याला झोपवत नाही. तो फेरी मारून अट पुन्हा बघतो. माझं स्पिनलॉक बफरसाठी आहे, यादीसाठी क्यूचं लॉक आहे. हाकेआधी अट खरी झालेली असली की झालं. लॉकच्या आत वेक-अप केला असता तर उठलेला माणूस दुसऱ्या प्रोसेसरवर त्याच लॉकसाठी गरगरत बसला असता.

गिरणीची गोष्ट याचसाठी होती. आधी गिरणीवाल्याच्या वहीत नाव, मग विचारायचं ‘दळण झालं का?’ आधी विचारून, मग नाव न लिहिता घरी गेलात तर पोऱ्या हाक मारणार कुणाला? माझ्या वर्गातल्या मुलांना हे एकदा सांगून कळतं. तुम्हाला ते हलकं वाटलं, हा गिरणीचा दोष नाही.

क्यू ज्या वस्तूत आहे ती वस्तू उठणाराच मोकळी करणार असेल तर वेक-अप आत हवा, हे मला ठाऊक आहे. माझा क्यू मॉड्यूल (म्हणजे ड्रायव्हर) कर्नलमधून निघेपर्यंत जागेवर असतो, तेव्हा ते इथे लागू नाही. बॅरिअरचं म्हणाल तर तो लेखातल्या दुसऱ्या, छोट्या उदाहरणाचा विषय. तिथे मी वेग दाखवत होतो. अट लिहिणं आणि यादी वाचणं यांचा क्रम इंटेलच्या प्रोसेसरवरही उलटू शकतो, हे मी नाकारत नाही. त्यावर सवडीने वेगळं लिहीन, या लेखात ते घुसवणार नाही.

वेक-अप हरवतो असं अजूनही वाटत असेल तर क्रम ओळीने लिहून पाठवा: यादीत कोण कधी गेलं, अट कुणी कधी वाचली, लॉक कुणाच्या हातात होतं. सापडलं तर त्याच दिवशी लेखात घालीन. फक्त खाली नाव लिहा.