मलप्रभेचं आधी हाय ते पाणी तरी सांभाळूया

काल आसोग्याला गेलतो, रामलिंगेश्वराच्या देवळाजवळ मलप्रभा नदीत उतरलो. काळ्या खडकांच्या खळग्यात पाणी साठलंय, त्यात बोटाएवढे मासे आणि त्याच खळग्यात गाठ मारलेली निर्माल्याची प्लास्टिक पिशवी. पोटात तुटलं राव.

मंडळी, ही मलप्रभा आपल्या खानापूर तालुक्याची लेक. कणकुंबीला माउली देवीच्या देवळाजवळ उगम, तिथनं हब्बनहट्टीच्या मारुतीला वळसा घालून आसोगा, खानापूर, पुढं एम. के. हुबळी, मग सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाचं धरण. ह्या धरणाचं पाणी हुबळी-धारवाड पितंय. त्याच्याही पुढं पट्टदकलला चालुक्यांची देवळं हिच्याच काठावर, १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत ती, आणि शेवटी कूडलसंगमला, जिथं बसवण्णांचं ऐक्यस्थळ आहे, तिथं कृष्णेला मिळते. मराठी गावांत जन्मून तीनशे किलोमीटर जाऊन कन्नड मुलखात संपते, तिला कुणी भाषा विचारली नाही.

आता म्हादई नदीचं. तीसुद्धा आपल्याच खानापूर तालुक्यातली, देगावची, फक्त ती पश्चिमेला वळली आणि गोव्यात जाऊन मांडवी झाली. तिला मिळणाऱ्या कळसा-भांडुरा नाल्यांचं पाणी वळवून मलप्रभेत सोडायचं म्हणून कर्नाटक-गोव्याचं किती वर्षं भांडण चाललंय, २०१८ ला पाणीवाटप लवादाचा निकाल आला त्यात मलप्रभेसाठी ३.९ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी. खालच्या शेतकऱ्याची तहान खरी आहे, नविलुतीर्थ बऱ्याच वर्षी भरतच नाही, हे मी नाकारत नाही. पण धरण ३७ टीएमसीचं, ते भरायचं तर मुळात वरचं रान राहिलं पाहिजे ना? कणकुंबी-जांबोटीचा पाऊस झाडांखालच्या पाचोळ्यात, जांभ्या दगडात मुरतो आणि महिनोन् महिने झिरपत राहतो म्हणून दिवाळीनंतरही पात्र वाहतं दिसतं. ते रान तोडून कालवे खणायचे आणि त्याच नदीला पाणी द्यायचं, हे मला पटत नाही, कितीही समजावलं तरी नाही. वर वाळू उपसून पात्रात खड्डे पडलेत, गावांचं गटार थेट नदीत, ह्यावर मोर्चा काढलेला मी तरी पाहिला नाही.

आमची आज्जी खानापूरच्या घाटावर धुणं धुवायला जायची, त्याच पाण्याची घागर भरून आणायची. आज मी तिथं हात धुवायलाही कचरतो.

ती पिशवी काढली, गाडीच्या हँडलला अडकवून आणली, परत येईपर्यंत अजून चार झाल्या. येत्या रविवारी सकाळी सातला पोतं घेऊन घाटावर जाणार आहे. जमेल त्यांनी या, हातमोजे मी आणतो.