कोटींचं नंतर, आधी खाड्याचं बोला

रग्बीवाले वर्षाला किती कोटी कमावतात, अशी एक पोस्ट सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतेय. जून 2025 मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, तेव्हापासून माझ्या ओळखीतले काही पालकही विचारतात, "यात पैसा आहे का हो?" म्हणून सविस्तर लिहितोय.

पैसा आहे, पण मोजक्यांना. स्कॉटलंडचा फिन रसेल 2023 मध्ये इंग्लंडच्या बाथ क्लबकडे गेला, तेव्हा वर्षाला 10 लाख पौंडांच्या आसपासचा करार झाल्याच्या बातम्या होत्या. आजच्या भावाने 11 कोटींच्या वर. पोस्टमध्ये असेच आकडे असतात. पण 2024-25 पासून तिथल्या अव्वल लीगमधल्या क्लबला अख्ख्या संघाच्या पगारासाठी मूळ मर्यादा 64 लाख पौंडांची आहे, साधारण 75 कोटी. काही सवलती आहेत, एखादा बडा खेळाडू मर्यादेबाहेर ठेवता येतो, हे मान्य. तरी त्यात 40-50 खेळाडू जवळपास वर्षभर सांभाळायचे. आयपीएलच्या 2025 च्या हंगामासाठी एकेका संघाकडे 120 कोटी होते, जास्तीत जास्त 25 खेळाडूंसाठी, आणि खेळ दोन महिन्यांचा. एकट्या ऋषभ पंतला 27 कोटी मिळाले. रग्बीत माणूस दर सामन्याला अंगावर धडका घेतो, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचा.

मला मात्र या सगळ्यापेक्षा 1895 सालची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. उत्तर इंग्लंडमधले बरेचसे खेळाडू खाणीत आणि गिरणीत काम करणारे. शनिवारी कामही असायचं आणि मॅचही. मॅच खेळायची तर पगार कापला जायचा. क्लबांची मागणी एवढीच होती की बुडालेली मजुरी तरी भरून द्यायची परवानगी द्या. रग्बीचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या साहेबांनी नाही म्हटलं. खेळ हौसेसाठी असतो म्हणे! पोटापाण्याची ददात नसणाऱ्याने हौसेच्या गोष्टी सांगणं सोपं असतं. शेवटी ऑगस्ट 1895 मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली, 20 हून जास्त क्लब फुटून निघाले आणि दिवसाला 6 शिलिंग भरपाई द्यायचं ठरलं. पुढे त्यातूनच रग्बी लीग हा वेगळा खेळ उभा राहिला. मूळ खेळाने, म्हणजे रग्बी युनियनने, खेळाडूला उघडपणे पैसे द्यायला 1995 उजाडू दिलं. शंभर वर्षं!

आता नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत या. कारखान्यातल्या माझ्या लाइनवर ठेकेदाराकडचा एक पोरगा आहे, कबड्डीत डावा कोपरा सांभाळतो. आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी, स्पर्धेचे सामने रविवारी. सोमवारी फर्स्ट शिफ्टला येतो तेव्हा दोन बोटं एकत्र चिकटपट्टीने बांधलेली, गुडघ्याला नीकॅप, आणि मस्टरवर रविवारचा खाडा. मंडळाने ट्रॉफी जिंकली की चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर नेत्यांचे फोटो मोठे आणि पोरांचे पासपोर्ट साइजचे. खाड्याचे पैसे कोणी देत नाही. बोट मोडलं तर पुढचा आठवडाही बिनपगारी.

म्हणून मी म्हणतो, खेळाडू किती कमावतो हे विचारताना खेळताना त्याचं किती बुडतं, हे आधी विचारा. तिकडे रग्बीतही हे संपलेलं नाही. वॉस्प्स हा इंग्लंडमधला, दोनदा युरोपचा विजेता ठरलेला क्लब. ऑक्टोबर 2022 मध्ये तो बुडाला आणि 167 खेळाडू-कर्मचारी एका दिवसात घरी बसले. इंग्लंडच्या महिलांना पूर्णवेळ करार मिळाले ते 2019 मध्ये, तेही 28 जणींना. 2025 च्या महिला वर्ल्ड कपची फायनल खेळलेल्या कॅनडाच्या संघाला तयारीसाठी लोकवर्गणी गोळा करावी लागली. आणि स्टीव्ह थॉम्पसन! इंग्लंडकडून 2003 चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या या खेळाडूला चाळिशीत डिमेन्शियाने, म्हणजे स्मृतिभ्रंशाने, गाठलं. आपण तो कप जिंकल्याचं आपल्याला आठवतच नाही, असं त्याने स्वतः सांगितलंय. वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलेल्या धडकांची ही किंमत कोणत्या पगारात बसवायची?

पालकांनो, मुलाला रग्बी खेळू द्या, जरूर खेळू द्या. फक्त करार पुढे आला की आकड्याआधी तीन गोष्टी विचारा: दुखापतीत पगार चालू राहतो का, उपचाराचा खर्च कोण करतं, आणि क्लब बंद पडला तर थकलेले पैसे कोणाकडे मागायचे.

आणि सातपूर-अंबडच्या कारखानदारांना, ठेकेदारांना माझी जाहीर विनंती आहे. जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या कामगाराला सामन्याच्या दिवशी भरपगारी रजा द्या, ठेकेदाराकडच्यालाही. वर्षाकाठी एका माणसामागे चार-सहा दिवसांचा प्रश्न आहे. मंडळांनीही फ्लेक्सच्या खर्चातून आधी पोरांचा खाडा भरून द्यावा. आमच्या कंपनीत या महिन्याच्या बैठकीत मी हा विषय लेखी मांडतोय. ज्यांना आपल्याकडे मांडायचा आहे त्यांनी अर्जाचा मसुदा माझ्याकडून घ्या.