लिव्हर वाचवायचं तर आधी रक्त थांबवा

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश फिरतोय : ‘अपघातात किंवा बाळंतपणात फार रक्त गेलं की लिव्हर निकामी होतं. एसजीपीटी हजारावर गेलं की संपलंच. दुसऱ्याचं रक्त चढवू नका, कावीळ होते. गुळवेलीचा काढा सुरू करा, लिव्हर वाचतं.’

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. हृदयातून निघालेल्या रक्तातला सुमारे पाव हिस्सा लिव्हरला मिळतो, आणि त्यातलं बहुतेक आतड्यांकडून, थोडा ऑक्सिजन खर्चून आलेलं असतं. दाब कोसळला की शरीर आतड्यांकडचा पुरवठा आवळतं. मग लिव्हरमध्ये ज्या पेशींपर्यंत रक्त सगळ्यांत शेवटी पोचतं, त्या आधी गुदमरतात. इजा होते ती अशी. पण इजा झाली म्हणजे लिव्हर निकामी झालं, असं नव्हे.

एसजीपीटी हे लिव्हरच्या मेलेल्या पेशींतून रक्तात सांडलेलं एन्झाइम. एरवी ४०च्या आतबाहेर असणारा आकडा शॉकनंतर, म्हणजे दाब कोसळून अवयवांना रक्त अपुरं पडल्यावर, एक-दोन दिवसांत काही हजारांवर जाऊ शकतो. रक्ताभिसरण सावरलं तर आठवड्या-दहा दिवसांत बहुधा खाली येतो. डॉक्टर त्यापेक्षा आयएनआरकडे, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या आकड्याकडे, जास्त बघतात, कारण रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवतं. एसजीपीटी उतरतंय पण आयएनआर चढतोय आणि रुग्ण गुंगीत जातोय, तर मात्र घाबरायचं कारण आहे.

आता कावीळ. बरंच रक्त चढवल्यावर डोळे पिवळसर दिसू शकतात. दिलेल्या रक्तातल्या काही पेशी फुटतात, अंगात साकळलेलं रक्तही विरघळतं आणि त्यातून तयार होणारं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढतं. तेवढ्यावरून लिव्हर बिघडलं असं ठरत नाही. या भीतीने रक्त नाकारलं, तर गुदमरणाऱ्या पेशींना ऑक्सिजन पोचवणार कोण? सलाईनने दाब चढेल, पण ते ऑक्सिजन वाहून नेत नाही, आणि भरमसाट दिलं तर गोठवणारे घटक पातळ होतात. म्हणूनच मोठ्या रक्तस्रावात प्लाझ्मा आणि प्लेटलेटही देतात. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडचं इंजेक्शनही आहे. पण ते पहिल्या ३ तासांत द्यावं लागतं.

राहिला काढा. गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, हेही सांगायला हवं. तो वाद चालू दे. आधीच दुखावलेल्या लिव्हरवर असा प्रयोग करायची ही वेळ नव्हे. शिवाय अर्धवट शुद्धीतल्या माणसाला काहीही पाजलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं.

वाळपईहून बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) गाठायला तासाच्या वर लागू शकतो. तेव्हा १०८ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. सारखं उचलून बघू नका. रुग्णाला पांघरूण घाला, कारण अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही. इस्पितळात पोचल्यावर रक्त पातळ करणारी गोळी, पॅरासिटामॉल, दारू, काढे, जे काही चालू असेल ते न लपवता सांगा.