मायबोली संपवण्याचे सोपे घरगुती उपाय

गेल्या मंगळवारी मुलीच्या डायरीत चिठ्ठी आली. 'वर्गात मराठी बोलली. दंड रु. 20.' अर्थात इंग्रजीत. मुलगी तिसरीत आहे. गुन्हा असा, की शेजारच्या मुलीला ती म्हणाली, "अगं, तुझा डबा सांडतोय." (सांडायचा तो सांडलाच. इंग्रजी वाक्य जुळेपर्यंत आमटी थांबत नाही.)

चिठ्ठीवर सही करायची होती. त्याऐवजी हे लिहायला बसलो. आपली भाषा मुळासकट उपटायची आहे, पण सुरुवात कुठून करावी कळत नाही, अशा होतकरू मंडळींसाठी.

सर्वांत आधी, फर्मान काढू नका. गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयनं 1684 साली काढून पाहिलं. तीन वर्षांत कोकणी सोडा, पोर्तुगीज बोला. पोर्तुगीज 1961 मध्ये गेले, कोकणी 1987 मध्ये तिथली राजभाषा झाली. (तिथल्या मराठी-कोकणी वादात मी शिरत नाही, मला मित्र टिकवायचेत.) हुकूम आला की माणूस इरेला पेटतो.

त्यापेक्षा मुलांनाच मुलांवर पाळत ठेवायला लावा. हा उपाय वेल्सचा, म्हणजे इंग्लंडनं घराशेजारीच जिंकलेल्या मुलखाचा. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कितीतरी शाळांत लाकडाची एक पट्टी असे. नाव 'वेल्श नॉट'. वेल्श बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात ती पडायची. सुटका कशी? वेल्श बोलणारं दुसरं पोर पकडून द्यायचं, की पट्टी त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना जिच्या-ज्याच्या गळ्यात असेल, त्याला छड्या. मास्तरला कान टवकारून बसायलाच नको! आम्ही सुधारलेले, आमच्याकडे पट्टी नाही. मॉनिटर आहे आणि मॉनिटरकडे वही आहे. माझ्या मुलीचं नाव लिहिणारा मुलगा तिच्याच रिक्षातून येतो-जातो. रिक्षात दोघं कचाकचा मराठीत भांडतात.

यातली खरी गंमत पुढेच आहे. ही पट्टी लंडनच्या सरकारनं कधी सक्तीची केली नव्हती. शाळा आपापल्या मनानं ती वापरत आणि पुष्कळ आईबापांना ते पसंत असे. पोरगं इंग्रजी बोललं तर खाणीबाहेर निघेल, एवढाच हिशोब. त्यात 1847 साली तीन साहेबांनी वेल्सच्या शाळांवर जाडजूड अहवाल लिहिला. तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हतं. लोक अडाणी, नीतीनं सैल, आणि याला त्यांची भाषाही कारणीभूत, असा सूर. वेल्सचे लोक त्याला अजून 'निळ्या पुस्तकांचा घात' म्हणतात. तेव्हा भडकले, पण मनात लाज शिरायची ती शिरलीच. आपण अहवालाचीही वाट पाहत नाही. चिठ्ठीचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला, तर अकरा मिनिटांत शाळेच्या बाजूनं सात अंगठे. 'गुड इनिशिएटिव्ह!' एका बाबांनी लिहिलं, 'मराठी घरी बोला ना, स्कूलमध्ये कशाला?' यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर राजमुद्रा आहे. अहो, त्याच महाराजांनी फारसी शब्द हटवायला राजव्यवहारकोश करवून घेतला. मुजुमदाराचा अमात्य केला, डबीराचा सुमंत केला. किल्ले आणि घोडदळ सांभाळून त्यांना ही उठाठेव का करावीशी वाटली, हे काच पुसताना तरी मनात येऊ द्या!

असो. फोनवर 'मराठीसाठी तीन दाबा' ऐकू आलं की दोन दाबा.

सत्तावीस फेब्रुवारीला फेटा बांधा. त्या दिवशी दंड माफ असतो.

अभिजात दर्जा 2024 मध्ये मिळालाच आहे. आता हार घालून भिंतीवर टांगा.

आणि बीझली नवरा-बायकोसारखं अजिबात वागू नका. आयलीन आणि ट्रेव्हर, वेल्समधलं साधं जोडपं, नवरा खाणकामगार. घरपट्टीचं बिल वेल्शमध्ये दिल्याशिवाय पैसे भरणार नाही, असं 1952 मध्ये ठरवून बसले. पुन्हा पुन्हा कोर्ट, पुन्हा पुन्हा जप्ती. घरातलं सामान गेलं, पियानोसुद्धा गेला. आठ वर्षांनी, 1960 मध्ये, बिल दोन भाषांत आलं. वेल्श बोलणारे 2021 च्या जनगणनेत किती? सुमारे 5 लाख 38 हजार. नाशिक शहराच्या निम्मेही नाहीत. आणि आपण 8 कोटींवर असून अंगठे दाखवतो!

बास. मला नाही जमत हा उपरोध.

इंग्रजी शिकवू नका असं कोण म्हणतंय? मी रोज रात्री तिला इंग्रजी गोष्ट वाचून दाखवतो. इंग्रजी शिकवायला चांगल्या बाई लागतात. त्या ठेवायच्या नाहीत म्हणून शाळेनं वही ठेवलीय, आणि तुम्ही टाळ्या वाजवताय. तुमच्यावर कुणाचं राज्य आहे हो आता? हे राज्यच भाषेच्या नावावर मागून घेतलंय, शंभरावर माणसं मेली त्यासाठी. मराठी शिकवणं शाळांना सक्तीचं करणारा कायदा 2020 मध्ये झालाय. तरी स्वतःच्या लेकराच्या तोंडातल्या शब्दाला दंड लावून घेता, वर त्याची फी भरता. लाज वाटू द्या थोडी. माझी मुलगी परवा घरात, आजीच्या कानाशी लागून म्हणाली, "हळू बोल ना, कोणीतरी लिहील."

वीस रुपये देतो, पण पावती मराठीत हवी, असं शाळेला कळवलंय. अजून उत्तर नाही. मॉनिटरच्या आईनं मात्र मला ग्रुपमधून काढलंय.