'जितके वॅट, तितका आवाज': दारातल्या मिडविषयी फिरणाऱ्या सल्ल्याला उत्तर

निपाणी, संकेश्वरपासून बेळगाव, खानापूरपर्यंत गाडीवाल्यांच्या मोबाईलवर एक सल्ला फिरतोय. 'मिड' म्हणजे मधले सूर वाजवणारा स्पीकर, 'डेक' म्हणजे गाडीतला गाणी वाजवायचा डबा, आणि 'अ‍ॅम्प' म्हणजे त्याला जोर देणारा अ‍ॅम्प्लिफायर. थोडक्यात सल्ला असा: "कंपनीचे स्पीकर काढून टाका. ज्या डब्यावर सगळ्यात जास्त वॅट लिहिलेत तो सहा इंची मिड चारी दारांत घाला, बेस-ट्रेबल सगळं त्यातच येतं. अ‍ॅम्पला पैसे घालू नका, डेकवरच वाजतात. कमी वाटलं तर एकेका दारात दोन-दोन जोडा. बसत नसेल तर पत्रा कापा, आतला प्लास्टिकचा कागद फाडून टाका, वायर जाड घाला. आणि बसवल्या बसवल्या फुल्ल वाजवा, म्हणजे स्पीकर मोकळा होतो."

पाठवणारे चांगल्या मनाने पाठवतात. पण यावर विसंबून पोरं महिन्याच्या पगारातले पैसे घालतात आणि नंतर आवाज फाटतोय म्हणून गॅरेजच्या दारात येऊन उभी राहतात. त्यामुळे एकेक वाक्य घेऊन बोलायला पाहिजे.

"जास्त वॅटचा तो मोठा वाजतो."

डब्यावरचा वॅटचा आकडा फक्त स्पीकर किती पॉवर सोसू शकतो ते सांगतो. त्यातही मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा 'मॅक्स'चा, म्हणजे क्षणभर सोसायचा. सतत सोसायचा आकडा आरएमएस, तो पाठीला बारीक अक्षरांत असतो. आवाज किती येईल हे बघायचं तर त्याच बारीक अक्षरांत 'सेन्सिटिव्हिटी' शोधा. 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा.

साधे कोअ‍ॅक्सिअल स्पीकर (मोठ्या कोनच्या मध्येच वरच्या सुरांचा छोटा स्पीकर असलेले) बहुधा 88 ते 91 डेसिबलच्या घरात असतात, काही त्याहूनही खाली. प्रो मिड म्हणून मिळतात ते 95 च्या आसपास किंवा वर. 86 आणि 95 हे आकडे शेजारी ठेवले की फरक किरकोळ वाटतो, आणि इथेच गिऱ्हाईक फसतं. दर 3 डेसिबल चढायला पॉवर दुप्पट लागते. 9 डेसिबल म्हणजे तीनदा दुप्पट, आठपट. 95 वाला मिड 15 वॅटवर जेवढा वाजेल तेवढा वाजायला 86 वाल्याला 120 वॅट द्यावे लागतात. मग त्याच्या डब्यावर 600 लिहिलेलं असलं तरी तुमचा डेक तेवढे देणार कुठून?

यात आणखी एक खाच आहे. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी 1 वॅटवर मोजतात, काही 2.83 व्होल्टवर. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. 8 ओहमच्या स्पीकरला 2.83 व्होल्ट म्हणजे बरोबर 1 वॅट. पण गाडीतले बहुतेक स्पीकर 4 ओहमचे, त्यांना तेवढ्याच व्होल्टला 2 वॅट जातात. म्हणजे आकडा आपोआप 3 ने फुगलेला असतो. दोन डबे ताडून बघताना आकड्यापुढे काय लिहिलंय ते वाचा. '2.83 व्होल्ट' असेल तर 4 ओहमच्या स्पीकरचे 3 वजा करा आणि मग ठरवा.

"बेस-ट्रेबल सगळं त्यातच येतं."

येत नाही. यायला पाहिजे अशी त्या स्पीकरची घडणच नाही. मिड एवढा मोठा वाजतो याची कारणं म्हणजे हलका कोन, ताठ सस्पेन्शन (कोनला कडेने धरणारी पट्टी) आणि कमी हालचाल. खालच्या सुरांना याच्या नेमकं उलट लागतं. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट पुढे-मागे जावं लागतं. 100 हर्ट्झवरून 50 वर गेलात की चौपट. मिडची तेवढी झेप नसते. म्हणून ढोलाच्या ठोक्याला तो फटफटतो आणि लोक म्हणतात माल डुप्लिकेट निघाला.

मिड घालायचाच असेल तर हाय पास, म्हणजे खालचे सूर अडवणारा फिल्टर, लावणं सक्तीचं समजा. 150 ते 200 हर्ट्झच्या खालचं काही त्याच्याकडे जाऊ देऊ नका, उतार (त्याखाली आवाज किती झपाट्याने कमी व्हावा ते) दर सप्तकाला 12 किंवा 24 डेसिबलचा ठेवा. बऱ्याच डेकच्या सेटिंगमध्ये 'एचपीएफ' म्हणून हे आधीच दिलेलं असतं, कोणी उघडून बघत नाही. खालची बाजू वूफरने सांभाळायची, वरची ट्वीटरने, कारण सहा इंची कोन गुडघ्यापाशी बसून वरचे सूर कानापर्यंत नीट पोचवत नाही.

ज्याच्या गाडीत वूफर नाही आणि घालायचाही नाही, त्याने मिडच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने 90-91 डेसिबलचे चांगले कोअ‍ॅक्सिअल आणि चार चॅनेलचा लहान अ‍ॅम्प घ्यावा. माणसाचा आवाज याच मधल्या पट्ट्यात असतो. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. त्यांचं एखादं निर्गुणी भजन लावा आणि शब्द पुसट होतात का, 'स' टोचतो का ते ऐका. कान 2 ते 5 हजार हर्ट्झला सगळ्यात जास्त तिखट असतो, म्हणून नुसता मोठा मिड तिथेच कर्कश होतो. दुकानात स्पीकर पारखताना डीजेचं गाणं लावलं तर यातलं काही कळत नाही.

"डेकवरच वाजतंय की वो, अ‍ॅम्प कशाला?"

हे अर्धं खरं आहे. 95 डेसिबलचा मिड डेकवरही कंपनीच्या स्पीकरपेक्षा मोठा वाजतो, हे मान्य. पण डेकवरचं '50 गुणिले 4', म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी 50 वॅट, मनातून काढा. इंजिन चालू असताना गाडीत 14.4 व्होल्ट असतात. तेवढ्या व्होल्टात 4 ओहमच्या स्पीकरला स्वच्छ पॉवर गणितानेच 26 वॅटच्या आत येते, प्रत्यक्षात 15 ते 20. खात्री करायची तर डेकच्या पाठीचा फ्यूज काढून बघा. बऱ्याच डेकला तो 10 अँपिअरचा असतो. 10 गुणिले 14.4 म्हणजे 144 वॅट, तेही आत जाणारे, ज्यातले बरेच उष्णतेत जातात. त्यातून 200 बाहेर येणं शक्य नाही.

अ‍ॅम्प घातला तर बॅटरीवरून येणाऱ्या वायरीला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज पाहिजेच. अ‍ॅम्पवर फ्यूज आहे म्हणून हा टाळतात. पण बॉनेटच्या पत्र्यातून येताना वायर सोलली गेली तर अ‍ॅम्पवरचा फ्यूज काही करू शकत नाही, कारण शॉर्ट त्याच्या आधीच होतो. गाडी पेटायचं हे एक साधं कारण आहे.

एका दारात दोन जोडायची गोष्ट इथेच निकालात निघते. 4 ओहमचे दोन पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडले की 2 ओहम होतात. डेकची किमान मर्यादा बहुधा 4 ओहमची, तो तापतो आणि प्रोटेक्शनला जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडले तर 8 ओहम, डेक निम्मी पॉवर देतो आणि आवाज जिथल्या तिथे राहतो. दोनच हवे असतील तर 8 ओहमचे घेऊन पॅरलल करा, नाहीतर 2 ओहमला चालणारा अ‍ॅम्प घ्या.

"पत्रा कापा, कागद फाडून टाका."

या वाक्याचा मला खरंच राग येतो.

दाराचं पॅनल काढलं की आत काळ्या चिकट गोंदाने चिकटवलेला प्लास्टिकचा कागद दिसतो. पावसात काचेच्या कडेने पाणी दाराच्या पोकळीत उतरतंच, ते तसं उतरावं अशीच रचना आहे. ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं. कागद ते पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही. कणकुंबी, जांबोटीच्या पावसात रोज धावणारी एक क्रूझर आमच्याकडे आली होती. पॅनल काढलं तर कागदाच्या चिंध्या, पुठ्ठ्याच्या पॅनलला खालून वीतभर ओल चढलेली, स्पीकरखालची एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग फुगून तिचे पापुद्रे सुटलेले, आणि स्क्रू हाताने ओढला तर बाहेर. स्पीकर चांगल्या प्रतीचा होता, पण तो धरायला काही उरलंच नव्हतं. आपल्या भागात रिंग साध्या प्लास्टिकची किंवा एचडीपीई या टणक प्लास्टिकची घ्या. एमडीएफच असेल तर चारी बाजूंनी, भोकाच्या आतूनसुद्धा, रंग देऊन बंद करा.

आवाजाच्या दृष्टीनेही कागद फाडणं तोट्याचं. स्पीकरचा कोन पुढे ढकलतो तेव्हा मागे ओढतो. पुढची आणि मागची लहर एकमेकींना भेटली की खालचे सूर कटतात. आतल्या पत्र्याला कारखान्यातून आलेली मोठी भोकं असतात, त्यांतून नेमकं हेच होतं. ती ब्यूटाइलच्या (चिकट रबराच्या, पत्र्याची थरथर मारणाऱ्या) डॅम्पिंग शीटने बंद केली की तोच स्पीकर, तीच पॉवर, पण आवाज भरून येतो. दहा गिऱ्हाइकांतल्या नऊ जणांना मी स्पीकरच्या आधी शीट सुचवतो. बाहेरचा पत्रा पूर्ण झाकायची गरज नाही, जिथे टिचकी मारल्यावर डबा वाजतो तिथे तुकडे लावले की पुरे. डांबरी शीट स्वस्त मिळते, पण चैत्र-वैशाखात ऊन्हात उभ्या गाडीत ती सुटते आणि वासही मारते. खालची पाण्याची भोकं मात्र मोकळीच ठेवा, ती बुजली तर दार आतून गंजतं.

कापण्याआधी काच पूर्ण खाली घ्या आणि मॅग्नेट तिला लागतो का ते बघा. लागत असेल तर जाड रिंग टाकून स्पीकर बाहेर आणा, किंवा कमी खोलीचा घ्या. काही गाड्यांच्या दारात बाजूची धडक ओळखणारा दाबाचा सेन्सर असतो. धडकेने पोकळीतली हवा दाबली जाते आणि त्यावरून एअरबॅगला इशारा जातो. अशा दारात नवं मोठं भोक पाडणं म्हणजे त्या सेन्सरच्या कामात हात घालणं. कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) मिळतो तिथे कंपनीची वायरही कापू नका.

"वायर जाड घाला."

दाराची वायर साधारण 0.5 चौरस मिलिमीटरची धरली आणि डेकपासून स्पीकरपर्यंत 4 मीटर धरले, तर जाऊन-येऊन पाव ओहमच्या जरा वर रोध होतो. 4 ओहमच्या स्पीकरला त्याने अर्धा डेसिबल जातो, कानाला कळतही नाही. मोठा अ‍ॅम्प असेल तर नवी वायर ओढा, डेकवर चालवणार असाल तर ते पैसे शीटला घाला. त्यापेक्षा प्लस-मायनस तपासा. 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर लावला की सगळ्या दारांचे कोन एकाच दिशेला सरकले पाहिजेत. एक जरी उलटा असला तरी बेस गायब होतो, आणि गाणं मधोमध न वाटता विखुरलेलं लागतं.

"बसवल्या बसवल्या फुल्ल वाजवा."

नवं सस्पेन्शन थोडं सैल होतं, पण ते रोजच्या वाजवण्यात आपोआप होतं. फुल्ल केलं की डेक किंवा अ‍ॅम्प क्लिप होतो. लहरीचे माथे कापले जाऊन पूर्ण चौकोनी लहर झाली तर लिहिलेल्या पॉवरच्या दुप्पट बाहेर पडू शकते, आणि पहिला बळी लहान ट्वीटरचा जातो.

कानांचंही बघा. 95 डेसिबलच्या मिडला नुसते 10 वॅट दिले की 1 मीटरवर 105 डेसिबल होतात, आणि दारापासून चालवणाऱ्याचा कान जेमतेम तेवढाच लांब. कामगारांच्या आरोग्यासाठी असलेल्या नायॉश या अमेरिकी संस्थेची शिफारस 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास अशी आहे, दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 ला 15 मिनिटं उरतात. बेळगावहून चोर्ला घाटातून पणजी गाठायला दोन तासांहून जास्त लागतात.

गेन, म्हणजे डेककडून आलेला आवाज अ‍ॅम्पने किती वाढवायचा ते ठरवणारी चकती, लावायची रीत सोपी आहे. डेकचं इक्वलायझर सपाट करा, बेस बूस्ट बंद करा, अ‍ॅम्पचा गेन पूर्ण खाली घ्या. ओळखीचं, नीट रेकॉर्ड झालेलं गाणं लावून डेकचा आवाज तीन-चतुर्थांशावर न्या. मग गेन सावकाश चढवा. आवाज जरा खरखरीत झाला की थांबा आणि थोडा मागे या. तिथे मार्करने खूण करा, म्हणजे सर्व्हिसिंगला गेलेल्या गाडीत कोणी तो फिरवला तरी परत जागेवर आणता येईल.