दहा सदतीसचं बनियन

कालपासून आमच्या फॅमिली ग्रुपवर माझी नोकरी गेलेली आहे. खरी गेली नाहीये हो, पण तिकडे ऐकतंय कोण.

चुलतभावाला आजोबांच्या घड्याळाचा 'एक नीट फोटो' हवा होता. एचएमटी जनता, चावीचं, १७ ज्वेल्स, डायलवर देवनागरीत 'जनता'. रविवारी दुपारी लाइट गेलेले, उकाड्यानं जीव नकोसा, म्हणून बनियनवरच गॅलरीत स्टुलावर घड्याळ मांडलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका शिडी मागायला आले. आणि बसले.

"चार वाजून वीस? अरे, घड्याळाच्या फोटोत नेहमी दहा दहा असतात! गांधीजी गेले ती वेळ."

"काका, गांधीजी संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी गेले."

"मग नेहरू असतील."

नेहरूंवरून गाडी एचएमटीवर, १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगलोरला घड्याळांचा कारखाना निघाला तिथपासून ते २०१६ साली घड्याळांची कंपनी सरकारनं बंद करायला काढली तिथपर्यंत, आणि मग त्यांच्या लग्नात सासऱ्यांनी घड्याळ कबूल करून टेबलफॅन कसा दिला. पन्नास वर्षं झाली, राग तसाच. मी माना डोलावत दहा दहा लावले, पण चालू घड्याळ ते, काकांच्या सासऱ्यांसाठी थोडंच थांबणार!

मग त्यांना काचेवरचे ओरखडे दिसले. "टूथपेस्ट आण." ही काच म्हणजे प्लास्टिकच असतं, पेस्टनं ओरखडे जातात हे खरंय. काकांनी माझंच धुतलेलं फडकं घेऊन, माझीच पेस्ट अर्धी ट्यूब संपवून अशी घासली की काच नव्यासारखी झाली. फुगीर काच, आरशासारखी लख्ख. फोटो काढला.

सोमवारी लंचटाइमला ग्रुपवर टाकला. पहिला मेसेज आत्याचा: "बनियन फाटलंय रे खांद्यावर." मी झूम केलं. काचेत मी, अख्खा. ओरखडे होते तेव्हा निदान धूसर तरी दिसलो असतो. दुसरा मेसेज वहिनीचा: "सोमवारी १०:३७ ला घरी? भावजी, सगळं ठीक आहे ना?" मग हात जोडलेले तीन इमोजी आणि मामांचा 'हेही दिवस जातील.' मी खुलासा टाकला, तो कुणी वाचलासुद्धा नाही, कारण तोवर बायोडाटा पाठव म्हणून फोन सुरू झाले होते.

आजोबांचं घड्याळ चालतंय, यावर एक अक्षर नाही. ते काय हवेवर चालतं? रोज सकाळी चहाआधी चावी मी देतो, दुरुस्तीचे पैसे मी भरलेत, आणि ज्याला नीट फोटो हवा होता त्यानं लिहिलं काय, तर "शर्ट घालून परत पाठव."

नाही पाठवणार. शिडी पण अजून काकांकडेच आहे.